उपटणारीची पऱ्हाटी

शुभदाताईंचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. पाचला भाजी, सव्वापाचला पोळ्या, साडेपाचला दोन डबे भरून तयार. एक स्वतःचा, एक नवऱ्याचा. मग सहा दहाची यवतमाळहून दारव्ह्याला जाणारी एसटी. त्यांच्या पदाला विद्यापीठाची गाडी होती. पण डिझेलचं बिल मंजूर व्हायला दोन-दोन महिने लागतात, तोवर चालक गाडी हलवत नाही, हे कळल्यावर त्यांनी गाडीचा नाद सोडला. दारव्ह्याला उतरून काळीपिवळी जीप, मोहखेडच्या फाट्यापासून सव्वा किलोमीटर पायी. शेडवर पोचेपर्यंत आठ वाजत. तिथून अकराच्या जीपनं परत, दुपारी विद्यापीठात तास आणि सह्या, संध्याकाळी सातला घर. वय सत्तावन्न. एवढी धावपळ रोजंदारीवरचा गडीसुद्धा पंधरा दिवसांच्या वर करत नाही. त्यांनी ती जवळजवळ वर्षभर केली.

नवरा श्रीकृष्णराव जिल्हा परिषदेत होता. तो म्हणायचा, "विद्यापीठ तुला बसायचा पगार देतं, आणि तू पळायचं काम करतेस."

"बसून काही झालं नाही म्हणून पळते," ताई म्हणायच्या आणि चप्पल घालायच्या.

बसून काही झालं नव्हतं, हे खरं होतं. वडील दारव्ह्याच्या पंचायत समितीत कारकून. मुलगी हुशार, रसायनशास्त्रात शिकत गेली. कपाशीच्या काडीवर तिनं अकरा वर्षं संशोधन केलं. काडीत काय असतं, ती किती दाबली की स्वतःच्याच डिंकानं घट्ट बसते, जाळली की किती आच देते. तेवीस लेख छापून आले. ते सगळे कपाटात गेले. मग शुभदाताई विभागप्रमुख झाल्या, आणि पन्नाशी उलटल्यावर विद्यापीठाच्या नव्या केंद्राच्या संचालक. प्राध्यापकांचं संशोधन कपाटातून काढायचं, त्याचे धंदे उभे करायचे आणि जिल्ह्यातल्या लोकांच्या हाताला काम द्यायचं, हे त्या केंद्राचं काम. पाटी मोठी होती. खोल्या दोन होत्या.

पहिल्या तीन वर्षांत दोन धंदे निघाले आणि बुडाले. तुरीच्या टरफलाच्या पत्रावळी, आणि लिंबोळीच्या फवाऱ्याचं काहीतरी. दोन्हींची फीत कापली, पेपरात फोटो आला, आणि यंत्रावर ताडपत्री पडली. तिसऱ्यांदा शुभदाताईंनी स्वतःचंच कपाट उघडलं.

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं झाड. कापूस वेचून झाला की पौष-माघात ते वावरात काळं, वाळकं उभं राहतं. ते उपटलं नाही तर बोंडअळी त्यातच मुक्काम करते आणि पुढच्या पिकावर बसते. म्हणून उपटावंच लागतं. ही पऱ्हाटी बारीक कुटायची आणि यंत्रात दाबून मनगटाएवढ्या जाड कांड्या काढायच्या. त्याला पांढरा कोळसा म्हणतात. गिरण्यांच्या बॉयलरला तो चालतो. मोहखेडच्या एकेचाळीस शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली, गावातले नानाजी तिचे अध्यक्ष झाले. विद्यापीठानं जुनी प्रेस घेऊन दिली. दिग्रसच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं फिटर राहिलेला उकंडा ती चालवायला आला. यवतमाळच्या एका तेल गिरणीनं शब्द दिला : पंधरा मार्चपर्यंत ऐंशी टन माल आणा, वर्षाचा करार करतो.

आणि विद्यापीठानंही शब्द दिला होता, निराळ्या तऱ्हेचा. हा करार झाला नाही तर केंद्र बंद.

फेब्रुवारीची अठरा तारीख उजाडली तेव्हा शेडमध्ये तीन टन कांड्या होत्या.

त्या सकाळी ताई पोचल्या तर उकंडा प्रेसच्या चौथऱ्यावर बसून तंबाखू मळत होता.

"या मॅडम. मशीन तयार हाय, मी तयार हावो. पऱ्हाटीच तेवढी नाही."

"काल किती आली?"

"एक बैलबंडी. थेबी नानाजीच्या घरची. त्यायच्या सालदारानं उपटली. बंडी रिकामी करताना माह्याकडं असा पाहे, जसं काही मीच त्याच्या मागं लागलतो."

ताईंनी शेडच्या दारातून पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही अंगांना वावरं काळ्या काड्यांनी भरून उभी होती. कच्चा माल डोळ्यांसमोर, आणि प्रेस उपाशी.

नानाजी सायकल घेऊन आले. त्यांना विचारलं तर म्हणाले, "बाया मिजास करून राहिल्या, मॅडम. दोनशे सत्तर रोज देतो म्हनलं. येत नाही."

"तीनशे सांगा."

"सांगतलं. तीनशेलाबी नाही. हरभरा सोंगाले जातात दोनशे सत्तरवर, अन् पऱ्हाटीले तीनशेवर येत नाही. आता बोला!"

जी मजुरी हरभऱ्याला चालते ती पऱ्हाटीला का चालत नाही, हे गणित प्रयोगशाळेत सुटण्यातलं नव्हतं. अकराची जीप त्यांनी सोडून दिली आणि बाया जिथं हरभरा सोंगत, म्हणजे कापत होत्या त्या वावराकडे निघाल्या. ऊन चढलं होतं. बांधावरून चालताना दोनदा पाय मुरगळला.

बाया नुकत्याच भाकरीला बसल्या होत्या. टोळीची म्होरकी मैनाबाई, साठीची, किडकिडीत, हाताच्या शिरा दोरखंडासारख्या. गावातली चौतीस घरं तिच्या शब्दावर कामाला निघत. त्यांतल्या एकाही घराला वावर नव्हतं.

"बसा मॅडम. पानी घेता का?"

ताई सावलीत टेकल्या. पाणी प्यायल्या. सरळच विचारलं, "मैनाबाई, तीनशे कमी पडतात का?"

"तीनशेचं नाही व माय. पऱ्हाटी कोनाची, थे सांगा आदी."

"शेतकऱ्याची. कंपनीच्या करारात तसं..."

पुढचं वाक्य बायांच्या हसण्यात बुडालं. मैनाबाईच्या शेजारी बसलेली मानीबाई म्हणाली, "करार वावराचा असंन. पऱ्हाटी उपटणारीची असते. माह्या सासूच्या सासूपासून."

मग मैनाबाईनं समजावून सांगितलं, लहान पोराला सांगतात तसं. मोहखेडात पऱ्हाटी उपटायची मजुरी कधीच नव्हती. बाईनं वावर साफ करून द्यायचं आणि उपटलेली पऱ्हाटी भारे बांधून घरी न्यायची. मालकाचं वावर फुकटात मोकळं, बाईच्या घरात वर्षाचं सरपण. वीस-बावीस दिवस कंबर मोडली की पुढच्या माघापर्यंत चूल चालायची. घरात सिलिंडर होतं, पण ते पाहुण्याच्या चहापुरतं.

"तुमच्या कंपनीनं पऱ्हाटी नानाजीकडून घेतली," मैनाबाई म्हणाली. "नानाजीची होती काय थे?"

"पण त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, आम्ही फेकून देतो."

"हो. त्याच्या वावरातून गेली म्हंजे त्यानं फेकली. कुठं गेली, थे पाह्यले कायले जाते तो?"

"आम्ही विद्यापीठाच्या मुलांना पाठवलं होतं. सगळ्या गावात विचारून..."

"आलते ना पोट्टे! कागद घेऊन आलते. माह्या दारासमोरून गेले, नानाजीच्या ओट्यावर चहा पेले. बिस्कुटबी होते म्हनतात." बाया पुन्हा हसल्या. मैनाबाई हसली नाही. "तुमी येवढ्या शिकल्या मॅडम. कापसाची काडी कितीक तापते थे मोजलं. कोनाची चूल तापते, थे नाही इचारलं कोनी?"

ताईंना स्वतःच्या प्रबंधाचं पहिलं वाक्य आठवलं. कपाशीच्या काड्या हा शेतीतला मूल्यशून्य कचरा आहे. त्या वाक्यावर मार्गदर्शकांनी बरोबरची खूण केली होती. परीक्षकांनी केली होती. तेवीस लेखांत ते वाक्य थोडं थोडं बदलून आलं होतं, आणि कोणीही कधी त्याच्याखाली रेघ मारली नव्हती.

"तीनशे रुपयांच्या रोजात वर्साचं सरपण येत असंन तर सांगा," मैनाबाई म्हणाली. "उद्या पाच वाजता उभी राहतो."

येत नव्हतं. ताईंनी हिशेब मनात केला आणि तो बोलून दाखवायची गरज पडली नाही. त्या उठल्या. मग म्हणाल्या, "उद्या स्वतःसाठी पऱ्हाटी उपटणार आहात का कुठं?"

"सकाळी दोन घंटे. गोठ्यामागच्या तुकड्यात. तिथं कंपनीचा करार नाही."

"मी येते. मला दाखवा कसं उपटतात."

"कायले?"

"अकरा वर्षं काडी पाहिली. मुळासकट कधी पाहिली नाही."

मैनाबाईनं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या बाप्पा. माह्या जावेचा चिमटा देतो. थे माहेरी गेली हाय."

त्या रात्री ताई दारव्ह्याला चुलतभावाकडे राहिल्या आणि सकाळी साडेसहाला वावरात हजर झाल्या.

चिमटा म्हणजे कमरेएवढा लोखंडी दांडा, खाली दातेरी जबडा. जबडा झाडाच्या बुडाशी बसवायचा, पाय रोवायचे आणि ओढायचं. जमीन ओली असली तर एका हिसक्यात झाड येतं. फेब्रुवारीत काळी माती दगडासारखी होते. ताईंची पहिली नऊ झाडं जमिनीशीच मोडली. मोडलेलं झाड कामाचं नाही, बूड वावरात राहतं आणि अळीचं घरही राहतं.

"हातानं कायले वढता?" मैनाबाई ओरडली. "हात निस्ते धराले. वढा मांड्यायनं!"

ताईंनी मांड्यांनी ओढलं. झाड आलं, आणि त्या मागं बसकण मारून पडल्या. कोणी हसलं नाही, कामाच्या वेळी हसायला फुरसत नसते. दोन तासांत ताईंनी त्रेसष्ट झाडं उपटली. उजव्या तळव्याला तीन फोड. तेवढ्या वेळात मैनाबाईची चारशेच्या वर झाली, आणि ती मध्ये एकदा पाणी प्यायला थांबली होती. एका एकरात सात हजार झाडं असतात. पाच बायांचा पूर्ण दिवस. ऐंशी टनांना किती एकर लागतात ते ताईंना पाठ होतं, पण त्या आकड्यात कंबर किती लागते हे आज कळलं. त्यांच्या सगळ्या अहवालांत एक रकाना होता, काडी गोळा करण्याचा खर्च. तिथं त्यांनी फक्त बंडीभाडं धरलं होतं.

दोन दिवसांनी शेडमध्ये सभा भरली. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला बाया. ताई उभ्या राहिल्या, हाताला पट्टी. त्यांनी आधी चूक सांगितली, मग तोड सांगितली. पऱ्हाटीचा भाव उपटणारीला. तीन भाऱ्यांतले दोन कंपनीला, एक तिच्या चुलीला. आणि चौतीसही बाया कंपनीच्या सभासद.

नानाजी तडकले. "वावर माह्यं, बियाणं माह्यं, फवारा माह्या, अन् पऱ्हाटी मैनीची?"

"मैनाबाई म्हना," मागून आवाज आला. "सभा हाय."

"बरं, मैनाबाईची! असं कुठं असते?"

"आजलोक कोनाच्या चुलीत जळली, नानाजी? तुमच्या?" मैनाबाईनं विचारलं.

ताई म्हणाल्या, "नानाजी, मागच्या वर्षी तुम्हाला पऱ्हाटीचे किती मिळाले?"

"कायचे मिळते? काही नाही."

"आणि वावर साफ करायचे किती दिले?"

नानाजी टोपी काढून डोकं खाजवू लागले. चौथऱ्यावरून उकंडा म्हणाला, "ट्रॅक्टरवाल्याले इचारा. एका एकराचे काय घेते तो."

"तू तुह्यी मशीन पाह्य बे."

"मशीनच पाहून राह्यलो. अठरा दिवसांपासून निस्ती पाहूनच राह्यलो."

बाप्ये हसले. सभेतला ताण थोडा उतरला. पण नानाजींनी मान हलवायला आणखी अर्धा तास घेतला. त्यांच्या स्वतःच्या नऊ एकरांत पऱ्हाटी उभी होती, आणि बोंडअळीचं पोरांना शाळेत शिकवावं इतकं त्यांना माहीत होतं. शेवटी म्हणाले, "जसं होतं तसंच म्हना मंग. मले वावर साफ पायजे. कंपनीत नफा झाला तर माह्या हिश्शाचा मले."

"हो, तो तुमचा."

"अन् बायायचे शेअरचे पैसे कोन भरते? मॅडम?"

"आमी भरू," मैनाबाईनं ताईंच्या आधी उत्तर दिलं. "एका शेअरचे जितके भारे होते तितके कापून घ्या. फुकटाचं नोको."

कंपनीचा पऱ्हाटीचा करार बदलायचा तर विद्यापीठाची मंजुरी लागते. मंजुरी मागितली असती तर कागद टेबलांवरून फिरता फिरता मार्च उलटला असता. ताईंनी नव्या करारावर स्वतःच्या जबाबदारीवर सही केली. बायांनी अंगठे आणि सह्या केल्या. तारीख बावीस.

तेवीसपासून बंड्या येऊ लागल्या.

त्यानंतरचे दिवस कामाचेच होते, सांगण्यासारखं त्यांत फार नाही. बाया पाचला वावरात, दहापर्यंत उपटणं, मग भारे, मग बंडी. शेडवर दोघीजणी कुऱ्हाडीनं मुळं तोडायच्या. मुळाला माती चिकटलेली असते, ती यंत्रात जाऊ द्यायची नाही, असा उकंड्याचा नियम. तो प्रत्येक भाऱ्यातली एक काडी दोन बोटांत मोडून पाहायचा. कट्‌कन मोडली तर वाळलेली, चिवट वाकली तर बाजूला. ताईंकडे ओल मोजायचं यंत्र होतं. दोन दिवस त्यांनी दोन्ही ताडून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी यंत्र पिशवीत ठेवलं. कुट्टी, वाळवण, प्रेस. दिवसाला तीन टन, कधी साडेतीन. ताई आता अकराची जीप धरत नव्हत्या. रजा टाकली होती. कुट्टीच्या धुळीनं खोकला लागला, तो रात्री झोपू द्यायचा नाही, आणि पावणेपाचला डोळे आपोआप उघडायचेच.

सात मार्चला त्रेचाळीस टन झाले. आठ दिवसांत सदतीस हवे होते.

ताईंनी शेडभर नजर फिरवली. प्रेस मधूनमधून रिकामी चालत होती, कारण कुट्टी मागे पडत होती. कुट्टी मागे पडत होती, कारण मुळं तोडण्यात वेळ जात होता. त्या म्हणाल्या, "उकंडाभाऊ, आठ दिवस मुळं राहू द्या. झटकून टाका, तोडू नका. त्या दोघींना कुट्टीवर घ्या."

उकंड्यानं प्रेस बंद केली. "नाही जमत मॅडम. मुळाची माती डाय खाते." डाय म्हणजे ज्या पोलादी नळीतून कुट्टी दाबून कांडी होऊन बाहेर पडते ती.

"आठच दिवस. राखेचं प्रमाण थोडं वाढेल, तेवढं चालतं. माझ्या आकड्यांत बसतं."

"तुमच्या आकड्यात बसन. डायमंदी नाही बसत."

"भाऊ, तारीख पाहा."

तीस वर्षं उकंड्यानं साहेबांची ऐकली होती. ही मॅडम पहिलीच, जी शेडवर त्याच्याइतकीच राबायची, म्हणून तो भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं. त्यानं प्रेस चालू केली.

तीन दिवस माल धडाधड निघाला. चौथ्या दिवशी कांड्या हातात घेताच भुरभुरू लागल्या. पाचव्या दिवशी प्रेस थरथरली आणि थांबली. उकंड्यानं डाय खोलून ताईंच्या पुढं धरली. आतली गुळगुळीत भिंत खरवडून खोल खोल चर पडले होते.

"माती नव्हे मॅडम, कानस हाय थे. म्या सांगतलं होतं."

"हो," ताई म्हणाल्या. "सांगितलं होतं."

उकंडा ती डाय डोक्यावर घेऊन दिग्रसला गेला, वेल्डिंगनं चर भरून आणून, घासून बसवली. त्यात दीड दिवस गेला आणि भरलेली डाय दोन दिवस कशीबशी चालली. पंधरा मार्चला संध्याकाळी काटा झाला. त्रेसष्ट टन.

तेल गिरणीच्या व्यवस्थापकानं माल घेतला. पैसे दिले. "सुरुवातीचा माल फार चांगला होता," तो म्हणाला, "शेवटचा राखेचा आहे. आणि तारीख ती तारीख, मॅडम. वर्षाचा करार मी करू शकत नाही. पुढचा लॉट आणा, पहिल्यासारखा असला तर घेईन. लॉटमागून लॉट."

एवढंच मिळालं. दार बंद झालं नव्हतं, उघडंही नव्हतं.

विद्यापीठाच्या समितीपुढे ताई तीस मार्चला बसल्या. कुलगुरू वाईट माणूस नव्हते, पण त्यांच्यापुढे कागद होते.

"ऐंशीच्या जागी त्रेसष्ट. करार न विचारता बदलला. मी यावर काय लिहू, मॅडम?"

"जे झालं ते लिहा."

एका सदस्यांनी विचारलं, "यातून शोधनिबंध निघेल ना?"

"निघेल," ताई म्हणाल्या. त्या इतक्या थकल्या होत्या, की प्रश्नाचा राग आला नाही.

"गावाचं काय म्हणणं आहे?" कुलगुरूंनी विचारलं.

"पंच्याहत्तर सभासद आहेत, त्यांत चौतीस बाया. एप्रिल-मेमध्ये काम करायला तयार आहेत. एकशे दहा एकरांची पऱ्हाटी उपटून, भारे रचून ठेवली आहे. प्रेस गावात राहिली तर पुढचा लॉट निघतो. नेली तर रचलेली पऱ्हाटी घरोघर चुलीत जाईल आणि कंपनी कागदावर राहील."

पाऊण तास चर्चा झाली. केंद्र बंद, ताईंनी रसायनशास्त्र विभागात परत जावं. प्रेस मात्र एक वर्ष मोहखेडच्या कंपनीकडे भाड्यानं राहील. विद्यापीठ तिच्यावर एक रुपयाही खर्च करणार नाही.

"डाय गेलेली आहे," ताई म्हणाल्या.

"ते कंपनीनं पाहावं."

कंपनीनं पाहिलं. गिरणीचे पैसे आले तसे ठरल्याप्रमाणे उपटणाऱ्या बायांना गेले, मग बंडीवाल्यांना, मग विजेच्या बिलाला. उरलं त्यात डायचा डबासुद्धा आला नसता. नानाजी म्हणाले, वर्गणी काढू, पण सुगीनंतर. मैनाबाईनं विचारलं, "तोलोक प्रेस काय लोणचं घालून ठेवाची?" आणि सभा तशीच उठली. भरलेल्या डायवर माल काढला तर तो राखेचा निघणार, आणि गिरणीचं दार खरोखर बंद होणार, हे सगळ्यांना दिसत होतं.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंच्या खात्यात वेतन आयोगाच्या थकबाकीचा हप्ता जमा झाला. चार वर्षं अडकलेला. श्रीकृष्णरावानं जेवताना विषय काढला. "गच्ची करून घेऊ. मागल्या पावसाळ्यात आभाच्या खोलीत तीन जागी गळत होतं. लेक दिवाळीला पुण्याहून येईल तेव्हा तरी भिंती कोरड्या दिसू देत."

"मला डाय घ्यायची आहे."

"काय घ्यायचं आहे?"

ताईंनी सांगितलं. नवऱ्यानं घास खाली ठेवला.

"मशीन विद्यापीठाचं, कंपनी गावाची, आणि पदरमोड तुझी? हे कुठलं शास्त्र?"

"डाय माझ्यामुळे गेली. उकंडाभाऊ नको म्हणत होता, मी हट्ट केला."

"चुका काय सगळेच करतात. असे भरायला लागले तर कोणाचा पगार घरी येणार नाही."

"सगळ्यांचं मला माहीत नाही."

श्रीकृष्णरावानं वरणाची वाटी ताईंकडे सरकवली. "पावसाळ्यात बादल्या मी ठेवीन. पण रात्रीच्या तू उपसायच्या."

रविवारी ताई आणि उकंडा अकोल्याला गेले. चार दुकानं पाहिली. दुकानदार चकचकीत माल पुढं करायचा आणि उकंडा खिशातून छोटी कानस काढून आतल्या बाजूला हळूच ओढून पाहायचा. तीन दुकानांत कानस बसली. चौथ्या दुकानात घसरली, म्हणजे पोलाद कडक. "हे," तो म्हणाला. दुकानदारानं भाव सांगितला, उकंड्यानं घासाघीस केली, ताईंनी नाही केली. डाय, तिच्यात कुट्टी ढकलणाऱ्या रॅमचं पोलादी टोक आणि दोन रिंगा. बिल मोहखेडच्या कंपनीच्या नावानं करायला सांगितलं.

परतीच्या एसटीत कंडक्टरनं पोत्याला पायानं ढकलून पाहिलं. "यात काय भरलं, प्रेत काय? लगेज फाडावं लागन."

"फाड," उकंडा म्हणाला. "पन पाय लावू नोको."

मंगळवारी दुपारी प्रेस चालू झाली. मैनाबाईच्या टोळीनं मुळं तोडून केलेली कुट्टी टोपल्यांनी ओतली. पहिल्या चार-पाच कांड्या वेड्यावाकड्या आल्या, मग सरळ, घट्ट, गुळगुळीत येऊ लागल्या. उकंड्यानं एक गुडघ्यावर आपटून पाहिली. मोडली नाही. ताई कुट्टीच्या ढिगाशेजारी पाटावर बसल्या होत्या, साडेतीनची जीप गाठायची होती, बुधवारी विभागात पहिला तास होता. एकतीस वर्षांच्या नोकरीतला थकबाकीचा तो हप्ता डाय, रॅमचं टोक, दोन रिंगा आणि अकोल्याचं जाणं-येणं यांत पुरा गेला. लगेजच्या तिकिटाचे पैसे उकंड्यानं भरले, त्यांचे घेतले नाहीत.